थंडीतला ‘पडलेला’ वारा आणि हेलिकॉप्टर: बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात दिशा कशी ओळखतात

प्रश्न खानापूर भागातला आहे. थोडक्यात असा: ‘डिसेंबर-जानेवारीत सकाळी आमच्याकडं पानसुद्धा हलत नाही. धुकं असतं, चुलीचा धूर सरळ वर जातो. तरी हेलिकॉप्टर आलं की पायलट आधी मैदानाभोवती एक-दोन घिरट्या घालतो आणि आम्हाला वाटत असतं त्याच्या बरोबर उलट बाजूनं उतरतो. त्याला वारा कुठून आहे हे कळतं कसं? आणि गावात तात्पुरतं हेलिपॅड करायचं तर वाऱ्यासाठी काय सोय ठेवावी?’

सार आधी सांगतो. हिवाळ्यात आपल्याकडं सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीलगतचा वारा आणि तीन-चारशे फुटांवरचा वारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे वारे असतात. पायलटला दोन्ही वाचावे लागतात आणि शेवटी मशीन हाताला काय सांगतंय त्यावरून खात्री करावी लागते. जोराचा वारा फारसा फसवत नाही, तो सगळीकडं दिसतो. फसवतो तो पाच ते बारा नॉटचा, खाली उभ्या माणसाला न जाणवणारा वारा. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. दिशा म्हणजे नेहमी वारा जिथून येतो ती.)

एवढ्याशा वाऱ्याला इतकं महत्त्व का, हे समजलं तर पुढचं सोपं जाईल. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असतं तेव्हा पंखा स्वतःच ढवळलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत असतो आणि इंजिनाला सगळ्यात जास्त राबावं लागतं. हवेतला पुढचा वेग साधारण १६ ते २४ नॉट झाला की पंख्याला ताजी हवा मिळते आणि उचल एकदम वाढते. समोरून १० नॉट वारा असेल तर यातले १० नॉट फुकट मिळाले. तोच वारा पाठीमागून असेल तर १० नॉट खिशातून गेले. उतरताना पायलटची नजर जमिनीवर असते. जमीन वीस नॉटनं मागं सरकताना दिसते म्हणून तो आणखी वेग कमी करतो, पण पाठचा वारा १२ नॉट असेल तर हवेच्या हिशेबानं त्याच्याकडं फक्त ८ नॉट उरलेले असतात. त्यात मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त वेगानं खाली येत असला आणि इंजिनाची ताकद लावलेली असली, तर पंखा स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत अडकतो. मग कलेक्टिव्ह (पंख्याची उचल कमी-जास्त करायचा दांडा) वर ओढलं तरी मशीन थांबत नाही, उलट आणखी वेगानं खाली बसतं. उंची शिल्लक असेल तर पुढं किंवा बाजूला काढून त्यातून सुटता येतं. शंभर फुटांवर ती सवड नसते.

दुसरा त्रास शेपटीचा. मागून वारा आला की शेपटी वाऱ्याबरोबर फिरायला बघते, कारण नाक वाऱ्याकडं वळणं हा त्या धडाचा स्वभावच आहे. तिरका समोरून आला तर मुख्य पंख्याच्या टोकाची घुसळलेली हवा टेल रोटरवर, म्हणजे शेपटीच्या लहान पंख्यावर येते. बेल ४०७ किंवा अगुस्ता १०९ मध्ये मुख्य पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, तिथं डावीकडून-समोरून येणारा वारा वाईट. चेतक, चीता, एच-१२५ यांचा पंखा घड्याळाप्रमाणे फिरतो, तिथं उजवीकडचा. वारा नेमका कुठल्या बाजूनं आहे हे माहीत नसेल तर पेडलवरचा (नाक डावी-उजवीकडं वळवायच्या पायपट्टीवरचा) पाय उशिरा पडतो.

आता आपल्या भागाचं गणित. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येचा, घाटावरून थेट आत येणारा. ऑक्टोबरात तो फिरतो आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुख्य वारा पूर्व-ईशान्येचा असतो. सांबऱ्याचा, म्हणजे बेळगाव विमानतळाचा रनवेही ०८-२६ असा, म्हणजे ८० आणि २६० अंशांचा, जवळपास पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यातल्या सकाळी वाऱ्याच्या हिशेबानं ०८ सोयीचा, पावसाळ्यात २६. गावकऱ्यांची सवय मात्र पावसाळ्यातल्या वाऱ्याची असते, कारण अंगाला जाणवतो तो तोच. म्हणून थंडीत ‘उलट बाजूनं उतरला’ असं वाटतं. फेब्रुवारी उतरणीला लागला की संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट चढून वर येऊ लागतो, आणि तेव्हा सकाळी उगवतीचा तर संध्याकाळी मावळतीचा असा एकाच दिवसात उलटा प्रकार होतो.

उड्डाणाआधी पायलटकडं सांबऱ्याचा हवामानाचा अहवाल असतो, त्याला मेटार म्हणतात. त्यात वाऱ्याचा आकडा ०८००६ असा असेल तर पहिले तीन आकडे दिशा, ८० अंश, आणि शेवटचे दोन वेग, ६ नॉट. वारा तीन नॉटच्या आत असून सारखा दिशा बदलत असेल तर दिशेच्या जागी ‘व्हीआरबी’ येतं, आणि अगदी पडलेला असेल तर पाच शून्यं. लेखी अहवालातली दिशा भौगोलिक उत्तरेवरून मोजतात, टॉवरवरून तोंडी सांगतात ती होकायंत्राच्या उत्तरेवरून. आपल्या भागात दोन्हींत फरक एक-दोन अंशांचाच, तेव्हा त्याची काळजी नको. काळजी याची की हा वारा धावपट्टीजवळ १० मीटर उंचीच्या खांबावर मोजलेला असतो. अथणी तिथून शंभर किलोमीटरहून लांब, जांबोटी जंगलात, निपाणी वेगळ्याच उतारावर. पाच शून्यं वाचून ‘वारा नाही’ असं ठरवणं ही हिवाळ्यातली सगळ्यात सोपी चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच की सांबऱ्याला त्या वेळी १० मीटरवर वारा नव्हता.

असं का होतं? रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड आणि जड होते. तिच्यावर तुलनेनं गरम हवेचा थर बसतो आणि खालची हवा वरच्यात मिसळणं बंद होतं. वरच्या थराला जमिनीचं घर्षण लागत नाही, त्यामुळं तिथला पूर्वेचा वारा रात्रीत उलट वाढतो. खाली शून्य आणि चारशे फुटांवर १५ नॉट हे डिसेंबरच्या पहाटेला अजिबात नवल नाही. खालची थंड हवाही अगदीच स्वस्थ नसते. ती उतारानं पाण्यासारखी ओघळते, दोन-चार नॉटनं. मलप्रभेच्या किंवा मार्कंडेयच्या खोऱ्यात पहाटे धुकं ज्या बाजूला सरकताना दिसतं ती त्या उताराची दिशा. मुख्य वाऱ्याशी तिचा संबंध असेलच असं नाही.

या दोन थरांची गोष्ट सगळ्यात स्पष्ट सांगतो तो धूर, आणि ऊसपट्ट्यात थंडीत धुराला तोटा नाही. नोव्हेंबरपासून गाळप सुरू असतं, संकेश्वर, निपाणी, उगारपर्यंत कारखान्यांच्या चिमण्या चालू, गुऱ्हाळं पेटलेली. पायलट धुराचा कोन बघतो, पण त्याआधी धूर कुठल्या उंचीवर मोडतो ते बघतो. गुऱ्हाळाचा धूर पन्नास-साठ मीटर दोरीसारखा सरळ चढतो आणि मग एकदम काटकोनात वळून आडवा पसरतो. ती मोड म्हणजे दोन थरांची सीमा. मोडीच्या वर धूर जिकडं चाललाय त्याच्या उलट बाजूनं वरचा वारा येतोय. चिमणीचा धूर मुळातच वरच्या थरात सोडला जातो, म्हणून तो पहाटेसुद्धा लांबलचक पट्टा होऊन पडलेला दिसतो. चिमणीचा धूर पश्चिमेला आणि खालच्या वस्तीतला चुलीचा धूर ओढ्याच्या उताराकडं, असं चित्र दिसलं की पायलट समजतो: आज उतरताना मध्येच वारा बदलणार.

या मोडीतून खाली येताना काय होतं ते नीट बघा. पायलट बरोबर, पूर्वेकडं तोंड करून येतोय. वर समोरून १५ नॉट मिळतायत. दीडशे फुटांखाली वारा संपतो. हवेतला वेग दोन-तीन सेकंदांत तेवढ्यानं कमी होतो आणि मशीन खाली बसू लागतं, तेही शेवटच्या टप्प्यात. इलाज हा की सीमा पार होईपर्यंत नेहमीपेक्षा १०-१५ नॉट जास्त वेग ठेवायचा, उतार उथळ ठेवायचा आणि ताकद आधीच हळूहळू वाढवत आणायची. आणि पायलट चुकून पश्चिमेकडं तोंड करून आला असेल तर वर सांगितलेली पाठच्या वाऱ्याची भानगड नेमकी याच थरात होते. खालचा धूर सरळ उभा दिसतोय म्हणून त्यानं ‘कुठूनही आलं तरी चालेल’ असं धरलेलं असतं.

धुराच्याही खोड्या आहेत. शेतात पाचट पेटवलेलं असेल तर आग स्वतःच चारी बाजूंनी हवा ओढते, म्हणून आगीच्या अगदी जवळचा धूर खोटं बोलतो. दोन-तीनशे मीटर पुढं गेलेला धूर बघावा. कारखान्याची पांढरी वाफ लवकर विरते, तिच्या लांबीवरून वाऱ्याचा वेग काढू नये.

धुरावरून, झाडावरून वेगाचा अंदाज येतो तो असा. धूर नुसता कलतो पण पान हलत नाही, १ ते ३ नॉट. पानं सळसळतात, चेहऱ्याला वारा लागतो, ४ ते ६. हलका झेंडा पसरतो, ७ ते १०. धूळ आणि सुटे कागद उडतात, ११ ते १६. पालेदार लहान झाडं डोलू लागली तर १७ च्या पुढं. हा बोफोर्टचा जुना तक्ता आहे आणि अजून त्याला तोड नाही.

आपल्या शिवारातली सगळ्यात चांगली खूण, आणि तिच्याकडं फार कमी लोक बघतात, ती म्हणजे उसाचा तुरा. थंडीत तुरा आलेला फड वरून रुपेरी दिसतो. तुरे पाच-सहा नॉटलाच एका बाजूला कलतात आणि कललेले राहतात. अख्खा फड एका दिशेला वाकलेला दिसतो, म्हणजे एका झाडाच्या किंवा एका झेंड्याच्या लहरीवर विसंबायला नको. तुरा नसलेल्या फडात पात्यांची लाट धावताना दिसते, पण त्याला आठ-दहा नॉट लागतात. निलगिरीच्या रांगांत वारा लागलेल्या बाजूची पानं उलटून फिकी दिसतात. रब्बीची ज्वारी कंबरेएवढी झाली की तीही लाट दाखवते, हरभरा काहीच दाखवत नाही.

पाणी हा दुसरा भरवशाचा साक्षीदार. राकसकोप, हिडकल किंवा नविलतीर्थाच्या जलाशयावर बघायचं ते असं: ज्या काठाकडून वारा येतो त्या काठाला झाडांच्या आणि बांधाच्या आडोशानं आरशासारखी गुळगुळीत पट्टी असते, आणि तिच्यापुढं बारीक लाटांची खरवड सुरू होते. गुळगुळीत काठ म्हणजे वाऱ्याची बाजू. वारा दहाच्या वर गेला की पाण्यावर वाऱ्याच्या दिशेनं लांब समांतर रेघा उमटतात. त्या दिशेची रेषा अचूक देतात, पण दोन टोकांपैकी वारा कुठल्या टोकाकडून हे देत नाहीत, ते गुळगुळीत काठावरून ठरवायचं. सूर्य समोर असेल तर चकाकीमुळं दोन्ही दिसत नाही. मग घिरटीची बाजू बदलून सूर्य पाठीमागं घ्यायचा.

कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीमागची धूळ चांगली, मात्र ट्रॉलीच्या वेगामुळं ती मागं ओढली जाते. धूळ रस्त्याच्या कुठल्या कडेला उतरते एवढंच बघावं. देवळाच्या शिखरावरचा किंवा राजहंसगडासारख्या टेकडीवरचा झेंडा टेकडीमुळं वाढलेला वारा दाखवतो, पायथ्याच्या मैदानाचा नव्हे. बगळे ओल्या रानात बहुधा वाऱ्याकडं चोच करून उभे असतात आणि उडतानाही वाऱ्याकडंच तोंड करून झेपावतात, तेवढं जमेस धरता येतं. गुरं वाऱ्याकडं पाठ करून उभी राहतात हे ऐकायला बरं, पण थंडीच्या सकाळी ती उन्हाला अंग देऊन उभी असतात. ढगांची सावली वरच्या, हजारो फुटांवरच्या वाऱ्याची दिशा सांगते. उतरण्यासाठी ती उपयोगाची नाही.

हे सगळं बाहेरचं झालं. घिरटी घालतो तेव्हा पायलट स्वतः मोजतो. पद्धत अशी: मैदानापासून पाचशे फूट वर, हवेतला वेग ६० नॉटवर कायम ठेवून १५ अंश कल देऊन पूर्ण गोल फेरी मारायची. सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं. फेरीत जीपीएसवरचा जमिनीचा वेग बघत राहायचं. समजा सगळ्यात जास्त ७६ दिसला आणि सगळ्यात कमी ५२. फरक २४, त्याचा निम्मा १२, म्हणजे वारा १२ नॉट. वेग सगळ्यात कमी होता तेव्हा नाक जिकडं होतं, समजा ७० अंश, तिकडून वारा. दोन्हींची सरासरी ६४ येते, तो हवेतला खरा वेग. काटा ६० दाखवतो कारण उंचीवर हवा विरळ असते. हा फरक हिशेबात आपोआप मिटतो, हीच या पद्धतीची गंमत. जीपीएस नसेल तर एखाद्या ठळक जागेवरून, समजा देवळावरून, फेरी सुरू करायची आणि कल न बदलता पूर्ण करायची. १२ नॉटच्या वाऱ्यात सव्वा मिनिटात हेलिकॉप्टर साडेचारशे-पाचशे मीटर सरकलेलं असतं. देऊळ जिकडं राहिलं, तिकडून वारा.

नव्या हेलिकॉप्टरांत पडद्यावर वाऱ्याचा बाण आयताच दिसतो. ३०-४० नॉटच्या वर तो ठीक. त्याखाली हवेचा वेग मोजणारी नळीच नीट मोजत नाही, कारण पंख्याखालची हवा तिच्यावर येते, आणि बाणही भरकटतो. नेमका उतरताना, गरज असते तेव्हा. शिवाय तो बाण त्या क्षणी हेलिकॉप्टर जिथं आहे तिथला वारा दाखवतो, खालच्या मैदानातला नाही.

एवढ्यानंतर खालच्या फेरीत, किंवा उतरायचं सोडून वर जायच्या तयारीनं केलेल्या पहिल्या खोट्या उतरणीत, मशीनचं म्हणणं ऐकायचं. नाक सरळ धरायला पेडल नेहमीपेक्षा वेगळं लागतंय का? रेघ धरून यायला नाक एका बाजूला वळवावं लागतंय का? वळवावं लागत असेल तर वारा त्याच बाजूनं आहे. वेग उतरताना येणारी पंख्याची थरथर जमिनीचा वेग अजून बराच असताना आली, तर पाठीमागून वारा आहे. जमीन जवळजवळ थांबल्यावर आली, तर समोरून. तरंगताना सायक्लिक (दिशा द्यायची हातातली काठी) जिकडं झुकवून धरावं लागतं तिकडून वारा. आर-४४ सारख्या लहान हेलिकॉप्टरांत काचेवर बाहेरून लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. तो मधोमध सरळ वर असेल तर हवा समोरून, नाहीतर तो तिरका होतो. दोन रुपयांचा धागा आणि लाखांच्या पडद्याआधी खरं सांगतो.

घाटाच्या कडेला हिशेब आणखी वेगळा. चोर्ल्याकडं, आंबोलीच्या वर, जिथं पठार तुटून कोकणात पडतं, तिथं पावसाळ्यात वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि हेलिकॉप्टरला उचलतो. हिवाळ्यात पूर्वेचा वारा पठारावरून कड्यावरून खाली कोसळतो. कड्याच्या काठावरच्या जागेवर ‘वारा समोर घ्यायचा’ म्हणून दरीतून पूर्वेकडं तोंड करून आलं, तर शेवटचे दोनशे मीटर खाली दाबणाऱ्या हवेतून जावं लागतं. वारा जितका जोराचा, तितकी चढणाऱ्या आणि कोसळणाऱ्या हवेमधली सीमा कड्याच्या जवळ आणि उभी. इथं समोरचा वारा थोडा सोडून काठाशी ४५ अंशांनी यायचं, उंची जास्त ठेवायची आणि दरीकडं वळून निघायची वाट कायम मोकळी ठेवायची. खाली दाबणारा झोत लागला की लगेच वळायचं, कलेक्टिव्हनं भांडत बसायचं नाही.

दहाच्या पुढं चित्र पालटतं. ऊन लागून खालचा थर तापतो, वरच्यात मिसळतो आणि वरचा वारा खाली उतरतो. म्हणून खानापूरकडं भाताच्या मळणीनंतर उफणायला लोक उन्हं वर यायची वाट बघतात. त्यांना ही वेळ कुठल्याही अहवालापेक्षा बरोबर माहीत असते. अथणी-रायबागच्या काळ्या नांगरटीवरून दुपारी गरम हवेचे लोट उठतात, शेजारच्या हिरव्या उसावर हवा खाली बसते. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं वारा तीस-चाळीस अंश इकडंतिकडं होतो, मध्येच वावटळ. अशा वेळी एका क्षणाच्या विंडसॉकवर (वारा दाखवणाऱ्या खांबावरच्या कापडी नळीवर) निर्णय घेऊ नये. दोन मिनिटं बघून त्यातली सरासरी दिशा धरावी.

आता गावातल्या हेलिपॅडचं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या विधिमंडळ अधिवेशनामुळं आणि एरवी निवडणुकांमुळं कॉलेजच्या मैदानांवर चुन्याचा ‘एच’ आखायची वेळ बऱ्याच गावांवर येते. विंडसॉक हवा तो २.४ मीटर लांब, तोंड ६० सेंटिमीटर, शेपूट ३० सेंटिमीटर, नारिंगी-पांढऱ्या पाच पट्ट्यांचा, टोकाच्या दोन्ही पट्ट्या गडद. जमिनीवरच्या हेलिपॅडसाठी हेच माप आहे. चांगला विंडसॉक १५ नॉटला पूर्ण आडवा होतो, म्हणून एक पट्टी आडवी ताठ झाली तर ३ नॉट, दोन झाल्या तर ६, असं मोजता येतं. हिवाळ्यातली खरी अडचण दव. सुती कापडाचा विंडसॉक रात्रभर बाहेर राहिला की सकाळी ओला, जड, खांबाला चिकटलेला असतो आणि पाच-सहा नॉटला हलतही नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं वारा नाही. पातळ नायलॉन वापरा, किंवा रात्री काढून घ्या आणि हेलिकॉप्टर यायच्या अर्धा तास आधी कोरडा चढवा. विंडसॉक ज्या कडीवर फिरतो तिला ग्रीस लावा. पावसाळ्यात गंजलेली कडी एकाच दिशेला अडकून बसते आणि अडकलेला विंडसॉक नसलेल्यापेक्षा वाईट.

तो झाडाच्या, स्टेजच्या, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नको, आणि हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या झोतातही नको. पंख्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतरापर्यंत झोत पोचतो. याच कारणानं पायलट विंडसॉक लांबूनच वाचतो, जवळ आल्यावर तो वारा दाखवत नाही, पंखा दाखवतो. त्याच्या जोडीला मैदानाच्या चार कोपऱ्यांना, झोताच्या बाहेर, बांबूवर मीटरभर लांब हलकी रिबन पक्की बांधली तर मंद वाऱ्यात विंडसॉकपेक्षा जास्त कामाला येते. चारही रिबनी वेगवेगळ्या दिशा दाखवत असतील तर तीही माहितीच आहे. सुट्या पताका, प्लास्टिक, मंडपाची ताडपत्री मात्र आसपास ठेवू नका.

धूर करायचा तर हेलिकॉप्टर दिसायच्या आधी, पंधरा मिनिटं चालेल असा. पेटत्या गोवऱ्यांवर ओला पाला टाकला की दाट पांढरा धूर येतो. तो मैदानाच्या वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जातो त्या बाजूला आणि थोडा कडेला करा, म्हणजे धूर ‘एच’वर येत नाही आणि उतरायच्या वाटेतही येत नाही. रंगीत धुराची कांडी मिनिट-दोन मिनिटांत संपते, ती पायलटनं मागितल्यावरच पेटवा. जानेवारीनंतर माळावरचं गवत वाळलेलं असतं. आगीभोवती पाणी मारून ठेवा आणि विझवायला माणूस उभा ठेवा, नाहीतर पंख्याचा झोत ठिणग्या गंजीपर्यंत नेतो.

फोनवर वारा सांगताना ‘वारा पश्चिमेला आहे’ असं सांगू नका. पश्चिमेकडून येतोय की पश्चिमेला जातोय हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि यातूनच उलटं उतरणं होतं. ‘गुऱ्हाळाचा धूर चंदगडच्या बाजूला चाललाय, वर गेल्यावरही तिकडंच वळतोय’ असं सांगा. त्यात चूक व्हायला जागा नाही.

बर्फातलं विचारलेलं नाही, पण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं गावोगावी सियाचीन पाहिलेली माणसं आहेत आणि ती हा विषय काढतातच. तिथं धूळ-झाड-पाणी काहीच नसतं. कड्याच्या टोकावरून उडणारा बर्फाचा पिसारा वाऱ्याची दिशा देतो. कड्याच्या कडेला बर्फाची झालर बाहेर लोंबते ती वाऱ्याखालच्या बाजूला, पण ती गेल्या कित्येक दिवसांतला मुख्य वारा सांगते, आत्ताचा नाही. आणि उतरताना पंख्याच्या झोतानं मोकळा बर्फ उडून सगळं पांढरं झालं की कुठलीच खूण दिसत नाही, म्हणून तिथं दिशा वरूनच पक्की करून यावं लागतं.

शेवटचा मुद्दा निघतानाचा. सकाळी आठला उतरलेलं हेलिकॉप्टर सभा संपून दुपारी दोनला निघतं, आणि सकाळचा वारा तेव्हा कामाचा नसतो. बेळगाव पठाराची उंची सुमारे २,५०० फूट. सकाळी तापमान १३ अंश असेल तर हवा जवळपास २,९०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, दुपारी ३० अंशांना ४,९०० फुटांवरच्या इतकी. त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा (इथं १० अंश) जास्तीच्या प्रत्येक अंशाला १२० फूट, असा हिशेब. सकाळी वारा पडलेला असताना ज्या वजनानं सहज उतरता आलं, त्याच वजनानं दुपारी चारी बाजूंना झाडं असलेल्या मैदानातून उठायला समोरचे आठ-दहा नॉट लागू शकतात. म्हणून पायलट पंखा सुरू करण्याआधी बाहेर उभं राहून दोन-तीन मिनिटं तुरे, रिबनी आणि धूर पुन्हा बघतो. वारा झाडांच्या उंच बाजूकडून येत असेल आणि लोटांनी दिशा बदलत असेल, तर तो एक माणूस उतरवतो आणि त्याला गाडीनं पाठवायला सांगतो.